इश्वरच्या नावाचं मुसळ

१

"गिरान लागलं असताना तुह्या मोठीमायचं मुसळ पाडून दाखव, त मानलं तुले," ताराचंद म्हणाला, अन् गुलाबनं मागचापुढचा विचार न करता त्याच्या हातावर हात मारला.

विचार करून हो म्हणन तो गुलाब कसला! आठवीत दुसऱ्यांदा बसलेलं पोरगं ते. डोकं होतं, पण पुस्तकात जात नव्हतं, भलतीकडंच जात होतं. मागच्याच महिन्यात त्यानं सरांच्या सायकलीच्या कॅरिअरले शाळेच्या घंटेची दोरी बांधली होती. सर टांग मारून निघाले, घंटा वाजली, अन् अर्ध्या तासानं सुटणारी शाळा तवाच सुटली. अख्खं एकोडी गाव हसलं. सर नाही हसले.

दोघं तलावाच्या पाळीवर बसून पाण्यात खडे मारून राहिले होते.

"पाडलं त काय देशीन?" गुलाब म्हणाला.

"माहा टार्च."

"अन् नाही पडलं त?"

ताराचंदनं दात काढले. "त चावडीपुढं उभं राहून बोंबलायचं, का मले इश्वरचा हेवा वाटते म्हणून."

"मले? त्या पढाकूचा?"

"नाही वाटत न? मंग घाबरतो कायले?"

मुसळाची गोष्ट अशी, का गिराण, म्हणजे ग्रहण, लागलं का गावातल्या बाया पितळेच्या परातीत पाणी घेतात, हळदकुंकू टाकतात, अन् मधात मुसळ उभं करून हात काढून घेतात. ते आपल्या आपण उभं राहते. गिराण सुटलं का आपल्या आपण पडते. तोवर त्याले कोणी हात लावत नाही. लावला त काय होते, हे कोणाले माहीत नाही, कारण कोणी लावलाच नाही.

"बूड सपाट असते त्याचं," गुलाब म्हणाला. "म्हनून उभं राहते. म्या बिनागिरानाचं उभं करून पाहिलं हाय. एका बोटानं पाडतो, पाय तू."

२

खरं सांगायचं त जळफळाट होत होता. पोटात निखारा ठेवल्यासारखा.

शिवरात्र झाली का लगेच अमावास्येले सूर्याले गिराण लागणार होतं. एकोडीत पुरं नाही, इथं विळ्यासारखा सूर्य उरणार होता. पुरा झाकलेला पाहायचा त खाली आंध्रात, खम्मम का काय त्या बाजूले जावं लागे. मधुकरराव सरांनी बेत केला, तालुक्यातल्या शाळांतून एकएक पोरगा घेऊन तिकडं जायचं. एकोडीच्या शाळेतून कोण? इश्वर. दुसरं कोण राहीन?

इश्वर गुलाबचा चुलतभाऊ. एकाच घरात, एकाच ताटात वाढलेले. गुलाबची माय तो पाळण्यात असतानाच गेली, बाप नागपुरात मिलवर. सत्यभामाबाईनं, म्हणजे इश्वरच्या मायनं, एका मांडीवर आपलं पोरगं घेतलं अन् दुसऱ्या मांडीवर गुलाब. गुलाब तिले मोठीमाय म्हणे. तिनं कधी दुजाभाव केला नाही. पण दोन मांड्यांतली उजवी कोणाची होती, हे पोराले बरोबर समजते.

रोज संध्याकाळी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, इश्वरचा दरबार भरे. एका हातात कंदील, एका हातात लिंबू.

"हा सूर्य. हा चंद्र. हा असा मधात आला, का दिवसा रात! चांदण्या दिसतात. अन् सुटताना अंगठीवानी एक हिरा चमकते."

"अगो माय!" शेजारच्या शकुबाई गालाले हात लावत. "अन् जाशीन कसा रे तेवढ्या दूर?"

मंग इश्वर सगळा रस्ता पाढ्यासारखा म्हणे. यष्टीनं भंडारा, तिथून वरठीचं टेशन, वरठीहून नागपूर, नागपूरहून दुसरी गाडी. बाया ऐकत. मोठीमाय चुलीपाशी त्याच्यासाठी करंज्या तळे, अन् तळता तळता कौतुकानं पाहे. गुलाब खांबाले टेकून बसे अन् मनात म्हणे, रेल्वेखाली जाय लेका तुहं लिंबू.

साकोलीच्या वेल्डिंगवाल्याकडून सरांनी काळी काच आणून दिली होती. इश्वर ती रोज दुपारी डोळ्यासमोर धरून सराव करे. गुलाबनं एकदा मागितली.

"सांभाळून हां," इश्वर म्हणाला. "टाकशीन त मले जाता नाही येनार."

गुलाबनं काचेतून पाहिलं. हिरवट काळोखात एक गोल बत्ताशा. तेवढंच. पण काच परत देताना त्याचा हात जड झाला.

निघायच्या आदल्या दुपारी मोठीमायनं काच फडक्यात गुंडाळली. चारी बाजूनं शिवून टाकतो म्हणाली, म्हणजे रस्त्यात फुटाले नको अन् कोणी उघडाले नको. ती सुई आणाले आत गेली. तेवढ्यात गुलाबनं काम केलं. जुन्या फोटोची साधी काच, तेवढीच कापलेली, चिमणीच्या धुरावर काळी केलेली, त्यानं कालपासून तयार ठेवली होती. ती फडक्यात गेली अन् खरी काच छपराच्या कवेलूखाली, वाशाच्या फटीत.

त्याचा बेत साधा होता. काजळी हाताले लागन, हाताची नाकाले लागन, साऱ्या तालुक्याच्या पोरांसमोर इश्वर काळतोंड्या होईन. बस.

सरांनी वर्गात सांगितलं होतं, "काजळीच्या काचेतून पाहाल त डोळ्याच्या मधोमध डाग पडन. जन्माचा." गुलाब तवा शिक्षेनं खिडकीबाहेर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. ऐकलंच नाही, असं त्यानं मागाहून ठरवलं.

३

अमावास्येच्या दिवशी दुपारून गल्ली ओस पडली. सकाळीच लोकांनी जेवणं आटपली, पाण्याच्या गुंडात तुळशीची पानं टाकली अन् दारं लावून घेतली. कुत्रंही दिसेना.

मोठीमायनं माजघर सारवून घेतलं होतं. परात मधात ठेवली, पाणी ओतलं.

"यंदा मुसळ इश्वरच्या नावानं उभं करतो मी," ती म्हणाली. "पोरगं उघड्यावर राहीन न, गिरानात. मुसळ पडलं का समजायचं, माहा लेक सुटला."

"अन् माह्या नावानं?" गुलाब हसतच म्हणाला. पण हसू नीट आलं नाही.

"तू त घरात हाय न बे! तुले काय होते?"

दर गिराणाले त्या मुसळाशी तिची झटापट चाले. बसवायचं, सोडायचं, ते कलंडायचं, पुन्हा बसवायचं. गुलाबले तीच मजा वाटे. आज तिनं मुसळ परातीत टेकवलं अन् हात काढला. मुसळ उभं. जसं कोणी खालून त्याची वाटच पाहत होतं, अन् लागलीच धरून घेतलं.

मोठीमाय हरखली. "पाय! लेकाचं नाव घेतलं त कसं राहिलं!"

गुलाबनं मनात म्हटलं, आज सारवण ओलं हाय. परात चिकटून बसली असन.

४

कवेलूच्या फटीतून माजघरात नेहमी कवडसे पडत. जमिनीवर रुपयासारखे गोल गोल. गुलाब ते पाहत भिंतीले टेकून बसला होता. पाहता पाहता गोल एका बाजूनं खाल्ल्यासारखे झाले. मंग अर्धे. मंग सारवलेल्या जमिनीवर नुसते विळेच विळे, सगळे एकाच तोंडाचे.

उजेड कमी झाला, पण संध्याकाळ होते तसा नाही. रंग धुऊन गेल्यासारखा. मागच्या सांदवाडीत कोंबड्या खुराड्यात शिरल्या. रातकिडा एकदा वाजला अन् चुकलं म्हणून चूप झाला.

मोठीमाय डोळे मिटून माळ ओढत होती. मागच्या खिडकीच्या फळीच्या भेगेत ताराचंदचा एक डोळा आला. तो डोळा म्हणाला, हं, चाल.

गुलाब रांगत परातीपाशी गेला. एक बोट लावलं अन् ढकललं.

मुसळ हललं नाही.

तळवा लावला. जोर केला. अंगणात पुरलेल्या खांबाले जोर लावावा तसं. मुसळ त नाहीच, पण परातीतल्या पाण्यावर एक वळीही उठली नाही. त्यानं मुठीत धरलं, अन् झटक्यानं सोडलं. लाकूड कोमट होतं. कोणाचं मनगट धरावं तसं कोमट.

चुलीपाशी ठेवलं असन सकाळी, त्यानं स्वतःले सांगितलं. मोठीमाय कुठीही ठेवते.

तेवढ्यात जमिनीवरचे विळे बारीक होत होत विझले. सगळे, एकदम. सरांनी सांगितलं होतं का एकोडीत पुरं झाकणार नाही. सर चुकले असन, असं गुलाब मनात म्हणतच होता, अन् त्याची नजर परातीत गेली.

पाण्यात छप्पर दिसायले पाहिजे होतं. तिथं एक काळा गोल होता, भवताल पांढरे केस पिंजारल्यासारखे. त्या उजेडात त्याले आपलं डोकं दिसलं, पाण्यावर वाकलेलं. अन् त्याच्या डोक्याले लागून आणखी एक डोकं.

ते वर पाहून राहिलं होतं. डोळ्यापुढं काहीतरी धरलं होतं. धरणारी बोटं काळी होती.

गुलाबनं मान वळवली. बाजूले कोणी नव्हतं. मोठीमाय तिकडं भिंतीपाशी, डोळे मिटलेली. खिडकीच्या भेगेतला डोळा गेला होता. त्यानं पुन्हा पाण्यात पाहिलं त कवेलू होते, वासा होता, अन् जमिनीवर विळे परत आले होते.

५

"दे दान, सुटे गिरान!" गल्लीत आरोळी आली, अन् मंग तो आवाज सुरू झाला. शकुबाईच्या घरी धप्प. त्याच्या पलीकडं धप्प. समोरच्या घरी परातीसकट घणाणलं. मुसळं पडून राहिली होती, घरामागून घर. लोक दारं उघडत होते, पोरं ओरडत होती, विहिरीवर आंघोळीले गर्दी झाली.

सत्यभामाबाईच्या माजघरात मुसळ उभंच.

ती वाट पाहत बसली. आधी हसत बसली. मंग नुसती बसली.

"आपलं काहून नाही पडून राहिलं रे, गुलाब?"

"पडन न. जमीन ओली हाय."

शकुबाई ओल्या लुगड्यानं दारात आल्या. "बाई, उठा न! आंघोळ करा. बाहेर केवढं ऊन पडलं!"

"बाहेर पडलं," मोठीमाय म्हणाली. "माह्या घरात कुठी पडलं?"

शकुबाईनं आत पाहिलं. हसून काही बोलणार होत्या, पण त्यांची नजर जमिनीवर गेली, अन् त्या पदर सावरत निघून गेल्या. गुलाबनं तवा पाहिलं. अंगणात आंब्याखाली कवडसे गोल झाले होते. माजघरात अजून विळे होते.

फटीच तशा असन, तो मनात म्हणाला. उतरतं ऊन तिरपं असते.

६

दुसऱ्या दिवशीही विळे होते. सकाळी होते, दुपारी होते. कवेलूवर चढून गुलाबनं एक फट बोटानं मोठी केली. खाली येऊन पाहिलं त विळा मोठा झाला. विळाच.

मोठीमाय जेवत नव्हती. "गिरानात कोनी खाते का?" एवढंच म्हणे. चूल पेटवे, भात रांधे, गुलाबच्या पुढं ताट ठेवे. "तू खाय. तुह्यावर नाही लागलं." अन् जाऊन परातीपाशी बसे. चेहरा सुकत चालला होता.

ती पाणी भराले गेली का तो मुसळाशी भांडे. लाथ मारून पाहिली. दोरी बांधून ओढलं. परात उचलायले गेला, त परात जमिनीची झाली होती. पाणी आटलं नव्हतं, त्याच्यावर धूळही नव्हती. पाण्यात तो पाहत नसे. डोळे बाजूले ठेवून सगळं करे.

ताराचंद तलावावर भेटला. त्यानं टार्च पुढं केला.

"म्या कुठी पाडलं?" गुलाब म्हणाला.

"राहू दे. घे तू. पैज-गिज काही नाही."

"तू काय पाहिलं बे खिडकीतून?"

"काही नाही."

"सांग न!"

ताराचंदनं खडा उचलला, मारला नाही. "तू परातीपाशी बसला होता न... तवा तुह्या बाजूले कोन बसला होता?"

गुलाबनं टार्च घेतला नाही. घरी गेला. वाशाच्या फटीत खरी काच तशीच होती. बोट लावलं त तीही कोमट.

सांगून टाकावं, असं त्याले वाटलं. तो माजघराच्या दारापाशी गेलाही. मोठीमाय मुसळाशी बोलून राहिली होती, हळू, जसं तापात पडलेल्या पोराशी बोलतात. "येशीन न रे राजा? सुटशीन न?" गुलाब दाराशी उभा राहिला. आपल्याले ताप आला तवा ती असंच बोलली होती का, ते त्याले आठवेना. अन् पोटातला तो निखारा अशा वेळीही फुलला. त्याची त्याले लाज वाटली, पण फुलला. तो मागं फिरला.

७

इश्वर आला तवा ऊन डोक्यावर होतं. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. सपरीत येऊन खाटेवर बसवलं. शकुबाई पाणी घेऊन आल्या, अंगणात पोरं जमा झाली.

"डोळे जरा दुखले त्याचे," सर म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं, डाग-गिग काही नाही म्हणाले. पण गाडीत रडत होता."

"मले समदं दिसते," इश्वर म्हणाला. "ही माय. ही शकुकाकी. ते आंब्याचं झाड."

मोठीमायनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं अन् एकदा आत, माजघराकडं पाहिलं. आत मुसळ उभं होतं.

"काच खराब निघाली, माय," इश्वर सांगून राहिला होता. "फडकं उसवलं त हातच काळे झाले. त्या साकोलीवाल्यानं काळा रंग लावून फसवलं आपल्याले, फडक्यात घासून सुटला तो. सरांना सांगितलं असतं त पाहूच दिलं नसतं. एवढ्या दूर गेलो होतो न, म्हनून तशीच डोळ्याले लावली." मंग त्यानं खिशात हात घातला. "गुलाब कुठी हाय? त्याच्यासाठी टेशनावरून रबराचा साप आनला. कोनाच्याही ताटात टाकता येईन."

गुलाब त्याच्या समोरच उभा होता. दोन हातांच्या अंतरावर.

"हा काय, तुह्या पुढंच," शकुबाई म्हणाल्या.

इश्वरनं मान वर केली. गुलाबचे पाय पाहिले, सदरा पाहिला, अन् मंग तो डोळे बारीक करून वर पाहत राहिला. परातीतलं ते डोकं पाहत होतं तसंच.

"हा गुलाब होय?" तो म्हणाला. "मले कसं समजन? याले तोंडच नाही. काळा गोल हाय तिथी. भवताल उजेड, अन् मधात काळं."

"अन् माहं तोंड?" सरांनी विचारलं.

"तुमचं दिसते न जी. समद्याईचं दिसते. याचंच नाही." तो रडत नव्हता. हात पुढं करून साप देऊन राहिला होता, जरा चुकीच्या जागी. "घे न, गुलाब. हासत काहून नाही तू? हासतो का? मले समजून नाही राहिलं."

मोठीमाय गुलाबकडं पाहायले लागली. कधी नव्हे तशी. शकुबाईही पाहत होत्या, सरही. गुलाबनं साप घेतला नाही. तो आत पळाला, तेव्हा सगळ्यांले वाटलं का पोरगा घाबरून पळाला. तो माजघरातून गेला, विळ्यांवर पाय देत, मुसळाच्या बाजूनं. पाण्यात पाहिलं नाही. वाशाच्या फटीत हात घातला अन् परत सपरीत आला. खरी काच त्यानं इश्वरच्या हातात दिली, अन् त्याची बोटं तिच्यावर मिटून धरली.

"साकोलीवाल्यानं नाही फसवलं," तो म्हणाला. आवाज फाटला. "ही तुही काच. म्या बदलली. मोठीमाय सुई आनाले गेली तवा. डाग पडते हे मले माहीत होतं. सर सांगत होते तवा म्या खिडकीतून ऐकलं होतं. तू जाऊन राहिला होता अन् मी नव्हतो जाऊन राहिलो, म्हनून. मोठीमायनं तुह्यासाठी करंज्या केल्या, म्हनून. मुसळ तुह्या नावानं..."

आत धप्प झालं. परात घणघणली अन् पाण्याचा ओघळ माजघराच्या उंबऱ्यावरून सपरीत आला.

कोणी पाहायले उठलं नाही. इश्वर गुलाबच्या तोंडाकडं पाहत होता, आता नेमका डोळ्यांत. त्यानं हळूच हात उचलला, अन् एकदम समोरून ऊन आल्यावर धरतात तसा डोळ्यांवर आडवा धरला.